आमच्या वखारीचं हेड ऑफिस

जकार्त्याला जाऊन आले असं सांगितलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो. "सिंगापूर सोडून तिथे कशाला? बँकॉक तरी करायचं!" नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, आमच्या जुन्या शाळेतल्या मैत्रिणी तर अजून विचारतात. मॉल नाहीत का? आहेत. समुद्रकिनारा? आहे, पण वेंगुर्ल्याच्या माणसाने तो बघायला विमानात बसू नये.

माझं उत्तर एका वाक्याचं आहे. आमच्या वेंगुर्ल्यातल्या डच वखारीचं हेड ऑफिस तिथे होतं.

हे वाक्य ऐकून लोक थोडे गप्प होतात, आणि मग आपापल्या कामाला लागतात. त्यांना पुढे सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. इतिहासाच्या शिक्षिकेला निवृत्तीनंतर समोर वर्ग नसतो. तेव्हा मंडळी, आता तुम्हीच माझा वर्ग!

तर सुरुवात आपल्या गावापासून. डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०२ साली. मसाल्याचा व्यापार पोर्तुगीजांच्या हातून काढून घेणं हा तिचा उद्देश. पूर्वेकडच्या कारभारासाठी तिला एक मुख्य ठाणं हवं होतं. १६१९ साली यान पीटरझून कून या गव्हर्नर जनरलने जावा बेटावरचं जयकर्ता हे बंदर जिंकून जाळलं आणि तिथे नवीन शहर वसवलं. त्याचं नाव बटाविया. हेच आजचं जकार्ता. केप ऑफ गुड होपपासून जपानपर्यंत कंपनीची जेवढी ठाणी होती, त्यांचे हुकूम या शहरातून सुटत.

आता गोवा. पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी. १६३६ पासून डचांनी दर वर्षी गोव्याच्या तोंडाशी आरमार उभं करून बंदराची कोंडी करायला सुरुवात केली. पण समुद्रात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गलबतांना गोडं पाणी लागतं, तांदूळ लागतो, लाकूडफाटा लागतो, आजारी खलाशांना उतरायला जमीन लागते. गोव्याच्या जवळ, पण पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर अशी जागा कुठली? वेंगुर्ले. त्या वेळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. १६३७ साली योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूर दरबारी गेला आणि त्याच सुमारास वेंगुर्ल्यात डचांची वखार सुरू झाली.

म्हणजे वेंगुर्ल्याची वखार ही नुसती व्यापाराची पेढी नव्हती. गोव्यावर डोळा ठेवणारी ती चौकी होती आणि वेढ्यातल्या जहाजांचं कोठीघर होतं. गोव्याहून मदत बाहेर पडू शकली नाही, तेव्हा तिकडे मलाक्का एकाकी पडलं आणि १६४१ साली डचांच्या हाती गेलं. आमच्या गावचा भात आणि आमच्या विहिरींचं पाणी यांचा मलाक्क्याच्या पाडावात थोडा हात आहे, असं मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं हसायची. पण ते खरं आहे.

वेंगुर्ल्याहून बटावियाला गेलेल्या एका प्रवाशाची हकीकत तर छापील स्वरूपात उपलब्ध आहे. जाँ बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या. हिऱ्यांच्या व्यापारासाठी त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. वेंगुर्ल्याला तो मिंग्रेला म्हणतो. गाव अर्धा लीग लांब आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन-अडीच किलोमीटर. नांगर टाकायला जागा उत्तम. पाणी चांगलं, तांदूळ उत्कृष्ट. आणि इथली वेलची नावाजलेली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. १६४८ च्या एप्रिलमध्ये तो इथून डचांच्या जहाजावर चढला आणि श्रीलंकेला थांबून बटावियाला पोचला.

या गृहस्थाला बटाविया भलतीच महाग पडली. त्याचा भाऊ दानिएल तिथे आजारी पडून वारला. अंत्यसंस्काराला कशाकशाचे पैसे मोजावे लागले, याची ताव्हेर्निएने पुस्तकात कडवट यादीच दिली आहे. अंत्ययात्रेचं बोलावणं करणाऱ्यांचे पैसे, शवपेटीवर घालायच्या कापडाचे पैसे, वर आलेल्या मंडळींच्या मद्याचे पैसे. भाऊ गेल्याचं दुःख आणि बिलाचा संताप एकाच पानावर. कंपनीच्या शहरात मरणसुद्धा दरपत्रकाप्रमाणे होतं.

ती हकीकत वाचली त्या दिवसापासून माझ्या मनात होतं की हे शहर एकदा बघायचं. पण पेन्शनीत बसेल असं.

आम्ही २०१९ च्या नोव्हेंबरात गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. त्या वेळी भारतीयांना तीस दिवसांसाठी व्हिसा फी नव्हती. ती सवलत कोरोनाच्या काळात गेली, आणि आता विमानतळावर व्हिसासाठी पाच लाख रुपिया मोजावे लागतात. आकड्याने घाबरू नका. आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला त्यांचे सुमारे दोनशे रुपिया पडत. त्यामुळे तिथे आम्ही दोघी निवृत्त बाया पहिल्याच दिवशी लक्षाधीश झालो!

क्वालालंपूरला विमान बदललं की तिकीट बरंच स्वस्त पडतं. विमानतळावरून गावात यायला सरकारी बस आहे. राहायला जालान जाक्सा नावाच्या जुन्या रस्त्यावर एका साध्या गेस्ट हाउसमध्ये खोली घेतली. पंखा, एसी, स्वच्छ मोरी आणि सकाळी चहा. आणखी काय लागतं? दोघींचा तिथला रोजचा खर्च खोली धरून तीन हजार रुपयांच्या आत राहिला, आणि त्यात आम्ही उपाशी राहिलो नाही.

शहर प्रचंड आहे. आसपासची उपनगरं धरली तर मुंबईपेक्षा मोठं. रस्त्यावर दुचाक्यांचा पूर. पण तिथली एक गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे ट्रान्सजकार्ता बस. २००४ साली ती सुरू झाली. बससाठी रस्त्यात वेगळी मार्गिका, उंच थांबे. भाडं साडेतीन हजार रुपिया, म्हणजे सतरा-अठरा रुपये, आणि ते २००५ पासून तेवढंच होतं. थांब्याबाहेर पडला नाहीत तर बस बदलली तरी पुन्हा तिकीट नाही. तिची पहिली मार्गिका ब्लॉक एम ते कोता. आणि कोता म्हणजेच जुनी बटाविया. हेड ऑफिसला जायला आम्हांला अठरा रुपये लागले.

कोता हा शब्द ऐकून तुम्हांला काही आठवलं का? मलाही आठवलं. कोट! मूळ संस्कृत 'कोट्ट', म्हणजे तटबंदी, किल्ला. जुनं शहर तटबंदीच्या आत होतं, म्हणून कोता.

जुन्या शहराच्या मधोमध मोठा फरसबंद चौक आहे. त्याच्या एका बाजूला डचांची नगरकचेरी. ही इमारत १७१० साली पुरी झाली आणि १९७४ पासून तिथे जकार्त्याच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा तिकीट पाच हजार रुपिया होतं, म्हणजे पंचवीस रुपये. (सोमवारी तिथली संग्रहालयं बंद असतात, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) वर मोठमोठी लाकडी कपाटं, टेबलं, न्यायासनं. आणि खाली, जमिनीच्या पातळीला, कैद्यांच्या कोठड्या. छत इतकं बुटकं की माझ्यासारख्या बुटक्या बाईलाही वाकावं लागलं. कोपऱ्यात कैद्यांच्या पायांत अडकवायचे दगडी गोळे अजून पडलेले आहेत. वर न्याय आणि खाली हे, मध्ये फक्त एक लाकडी तक्तपोशी.

शिक्षिकेला आकडे लागतात, म्हणून एक आकडेवारी देते. १६७३ साली बटावियाची शिरगणती झाली. शहर आणि भोवतालचा परिसर मिळून माणसं २७,०६८. त्यांतले डच किती? २,०२४. चिनी २,७४७. आणि गुलाम? १३,२७८. जवळजवळ निम्मं शहर विकत घेतलेल्या माणसांचं होतं. हे गुलाम बाली, सुलावेसीसारख्या बेटांवरून आणलेले, तसे बंगाल, चोळमंडल आणि मलबारच्या किनाऱ्यांवरूनही आणलेले. चौकातली ती टुमदार इमारत, कालवे, पूल, वखारी, हे सगळं कोणी बांधलं असेल, हा प्रश्न त्या आकड्यांपुढे विचारावाच लागत नाही.

आणि ज्यांनी विकत घेतलं, तेही सुखात होते असं नाही. अॅमस्टरडॅमसारखे कालवे खोदले, पण उष्ण कटिबंधात त्यांची गटारं झाली. अठराव्या शतकात हिवतापाने आणि हगवणीने बटाविया हे युरोपियनांचं स्मशान म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज दुरुस्तीला इथे थांबलं, तेव्हा त्याचे पुष्कळ खलाशी इथल्या तापाने मेले. दोनशे वर्षांत कंपनीच्या जहाजांतून जवळजवळ दहा लाख माणसं युरोपातून पूर्वेकडे निघाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक परतली नाहीत. १७४० च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात हजारो चिनी रहिवाशांची कत्तल झाली. जायफळासाठी १६२१ साली कूनने बांदा बेटांची जवळपास सगळी वस्ती नष्ट केली होती, त्यातून वाचलेल्या कित्येकांना गुलाम करून इथेच आणलं होतं.

मी काटकसरीने प्रवास करीत होते, त्यामुळे दर संध्याकाळी वहीत हिशेब मांडत होते. बस अमुक, पाणी तमुक, शहाळं इतकं. मांडता मांडता मनात आलं की कंपनीही तेच करीत होती. तिच्याइतका काटेकोर हिशेब जगात त्या काळी क्वचितच कोणी ठेवला असेल. जायफळ स्वस्तात कसं पडेल, भात स्वस्तात कुठे मिळेल, मजूर फुकटात कसा मिळेल. फरक एवढाच की आमच्या वहीतला खर्च आम्ही भरत होतो, तिच्या वहीतला खर्च दुसरे भरत होते.

गंमत म्हणजे हिशेबाचे इंडोनेशियन शब्द आपलेच आहेत. दुकानावर 'हार्गा' लिहिलेलं असतं, म्हणजे किंमत. मूळ शब्द संस्कृत 'अर्घ'. खर्चाला म्हणतात 'बियाया', तो आपला 'व्यय'. नफ्याला 'लाबा', म्हणजे लाभ. दंडाला 'देन्दा'. खजिनदाराला 'बेन्दाहारा', मूळ 'भांडागार'. रुपिया तर उघडच आहे. हे शब्द डचांच्या हजार वर्षं आधी व्यापाऱ्यांबरोबर आणि पंडितांबरोबर तिकडे गेले. शहराचं जुनं नाव जयकर्ता, तेही संस्कृत वळणाचंच. ते १५२७ सालचं, आणि १९४२ मध्ये जपान्यांनी डचांना हाकलल्यावर शहराला पुन्हा जकार्ता हे नाव मिळालं. आणखी एक शब्द, 'गुदांग'. म्हणजे वखार! आपलं गुदाम आणि इंग्रजांचं गोडाऊन हे या गुदांगचेच भाऊबंद. आणि शिक्षकाला म्हणतात 'गुरु'. गेस्ट हाउसच्या मुलीने व्यवसाय विचारला, मी 'गुरु' म्हणून सांगितलं, तर तिने उठून दोन्ही हात जोडले. चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढा मान एकदम मिळाला नव्हता.

चौकापासून उत्तरेला चालत गेलं की वीस-पंचवीस मिनिटांत जुन्या वखारी लागतात. बंदराजवळच्या या लांबलचक इमारतींची सुरुवात १६५२ ची. जाड भिंती, लहान खिडक्यांना लाकडी झडपा, वर कौलं, आत सागवानी तुळया. जायफळ, मिरी, कॉफी, चहा, कापड, सगळं इथे साठायचं. १९७७ पासून तिथे सागरी संग्रहालय आहे. आत शिरल्याबरोबर बहीण म्हणाली, "ताई, ह्यां तर आमच्या वखारीसारख्यां दिसता गो!" तिला इतिहासात फारसा रस नाही, पण भिंतीची जाडी आणि खिडकीचा घाट तिने बरोबर ओळखला. आमच्या वखारीला मी पाहिलं तेव्हापासून छप्पर नव्हतं. मुलांची सहल घेऊन जायचो तेव्हा भिंतींतून वडा-पिंपळाची मुळं उतरलेली असत आणि मुलं त्या मुळांना लोंबकळत. छपरासकट ती कशी दिसत असेल, हे मला पहिल्यांदा जकार्त्यात कळलं.

तेही सहज टिकलेलं नाही. २०१८ च्या जानेवारीत या संग्रहालयाला मोठी आग लागली आणि त्याचा काही भाग जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला. शिवाय उत्तर जकार्त्याची जमीन भूजल उपसल्यामुळे वर्षानुवर्षं खचते आहे आणि समुद्र आत येऊ पाहतो आहे. बोर्निओ बेटावर नुसान्तारा नावाची नवी राजधानी उभारण्याचा कायदाही २०२२ साली त्यांनी केला, त्याच्या कारणांत हेही एक आहे.

वखारींच्या पुढे सुंदा केलापा हे बंदर. केलापा म्हणजे नारळ! नारळाचं बंदर. तिथे अजून लाकडी पिनिसी गलबतं ओळीने उभी असतात, टोकदार नाळीची, रंगीत. हमाल अरुंद फळीवरून सिमेंटची पोती खांद्यावर घेऊन चढत होते. लहानपणी वेंगुर्ले बंदरात मचवे पाहिलेल्या बाईला आणखी काय दाखवायचं? आम्ही दोघी तिथे शहाळं पीत बराच वेळ बसलो. जेवण रस्त्याकडेच्या वारुंगमध्ये. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तेंपे, आणि सोबत सांबाल. त्या सांबालात सुक्या कोळंबीचा वास होता. मुंबईची माणसं नाक मुरडतील, मालवणी माणूस मात्र दुसऱ्यांदा मागेल. दोघींचं जेवण दोनशे रुपयांत.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली ती सांगते. कोता स्टेशनच्या जवळ एक जुनं चर्च आहे, गेरेजा सिओन. १६९५ साली ते पुरं झालं. हे डचांसाठी नव्हतं, तटबंदीबाहेरच्या 'पोर्तुगीज' लोकांसाठी होतं. पण हे पोर्तुगीज म्हणजे गोरे नव्हेत. भारताच्या किनाऱ्यांवरून, श्रीलंकेहून, मलाक्क्याहून पकडून किंवा विकत आणलेली ही माणसं. पोर्तुगीजांच्या मुलखातून आलेली, म्हणून त्यांची नावं पोर्तुगीज, बोली पोर्तुगीज वळणाची. पुढे ती गुलामीतून सुटली. त्यांना म्हणत 'मार्देइकर'. १६७३ च्या शिरगणतीत ती ५,३६२ होती, म्हणजे डचांच्या अडीचपटीहून जास्त. कंपनीने कितीही प्रयत्न केले तरी बटावियाच्या घराघरांत बरीच वर्षं यांचीच बोली चालत राहिली. त्यांचे वंशज शहराच्या पूर्वेला तुगू या वस्तीत आहेत आणि त्यांचं तंतुवाद्यांवरचं क्रोंचोंग संगीत आज साऱ्या इंडोनेशियाचं झालं आहे.

मार्देइकर हा शब्द आला संस्कृत 'महर्द्धिक' वरून. मोठी ऋद्धी असलेला, समृद्ध. त्याचा तिकडे अर्थ झाला बंधनातून सुटलेला, मोकळा. आणि त्याच शब्दाचं इंडोनेशियन रूप म्हणजे 'मेर्देका', स्वातंत्र्य! १७ ऑगस्ट १९४५ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा देशभर हाच शब्द घुमला. जकार्त्याच्या मधल्या भल्यामोठ्या मैदानाचं नावही मेर्देका. कंपनीच्या चोपड्यांत ज्यांची नोंद माल म्हणून झाली होती, त्यांना मोकळं झाल्यावर जे नाव मिळालं, तेच शेवटी सगळ्या देशाच्या स्वातंत्र्याचं नाव झालं. चर्चच्या आत आम्ही दोघीच होतो. मी त्या जुन्या बाकांवर हात ठेवून उभी राहिले. ती माणसं आपल्याच समुद्रापलीकडून गेली होती, एवढंच वाटत राहिलं.

मग मी शोध घेतला तो कंपनीच्या किल्ल्याचा. गव्हर्नर जनरलचं बिऱ्हाड आणि कचेरी या किल्ल्यात होती. वेंगुर्ल्याहून गेलेली पत्रं तिथे वाचली जात. तर तो किल्ला नाहीच! कंपनी १७९९ साली बुडाली. त्यानंतर आलेल्या डेंडल्स या गव्हर्नर जनरलने १८०९ च्या सुमारास तो पाडून त्याचे दगड दुसऱ्या बांधकामाला वापरले. म्हणजे बघा, वेंगुर्ल्यातली शाखा पडकी का होईना, उभी राहिली. हेड ऑफिसचा मात्र पत्ता नाही.

पण हेड ऑफिसची पत्रं उरली. आणि हे त्या भिंतींपेक्षा मोठं आहे. बटावियाच्या किल्ल्यात रोजनिशी ठेवली जाई. कोणतं जहाज कुठून आलं, कुठल्या ठाण्याहून काय बातमी आली, सारं तीत उतरत असे. तिचे १६२४ ते १६८२ पर्यंतच्या वर्षांचे खंड छापलेले आहेत. कंपनीची दप्तरं आज हेगला, जकार्त्याला, काही आपल्याकडे चेन्नईलाही आहेत, आणि २००३ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली.

या दप्तरांत वेंगुर्लं जागोजाग आहे. आणि वेंगुर्ल्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आपले महाराजही आहेत. रायगडावर १६७४ च्या जूनमध्ये राज्याभिषेक झाला. त्याची खबर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वेंगुर्ल्याच्या वखारीचा मुख्य अब्राहम ल फेबर याने बटावियाला गव्हर्नर जनरल माट्सायकर याला पत्राने कळवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवचरित्र लिहिताना अशा डच कागदांचा मोठा उपयोग केला. म्हणजे मराठ्यांचा राजा सिंहासनावर बसला ही बातमी आमच्या गावातून निघून समुद्रमार्गे ज्या शहरात पोचली, त्याच शहरात मी अठरा रुपयांच्या तिकिटावर गेले होते!

वेंगुर्ल्याने त्या काळात काय काय सोसलं? जुनं गॅझेटियर सांगतं की १६६४ मध्ये बंड झाल्यामुळे महाराजांच्या फौजेने गाव जाळलं आणि १६७५ मध्ये मोगलांनी पुन्हा जाळलं. वखारीवर काय गुदरलं ते डचांनी लिहून ठेवलं, कारण त्यांना नुकसानीचा हिशेब हेड ऑफिसला द्यायचा होता. पण ज्यांची घरं जळली त्यांचं काय? त्यांनी भात विकला, पाणी भरलं, वेलची आणून दिली, हमाली केली. त्यांचं हेड ऑफिस कुठे होतं? त्यांना हिशेब कोणाला द्यायचा होता? त्यामुळे त्यांचं दप्तरही नाही. आमच्या गावाचं सतराव्या शतकातलं चरित्र आहे, पण ते डच भाषेत आहे, परगावी आहे, आणि ते मालाच्या याद्यांच्या फटीतून वाचावं लागतं.

मला वाटतं, इतिहास शिकवताना आम्ही इथेच कमी पडत आलो. पाठ्यपुस्तकात डच म्हणजे "पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि फ्रेंच" या ओळीतला दुसरा शब्द. मुलांनी तो पाठ करायचा आणि विसरायचा. ज्या मुलाच्या गावात त्या शब्दाची भिंत उभी आहे, त्यालाही तो शब्द पुस्तकातच भेटतो. तिकडे जकार्त्यात मात्र शाळेच्या मुलांच्या झुंडी त्या नगरकचेरीत पाहिल्या. कोठड्यांत वाकून शिरत होती, एकमेकांना घाबरवत होती, बाहेर येऊन शिक्षिकेच्या प्रश्नांची वहीत उत्तरं लिहीत होती. ज्यांनी आपल्याला साडेतीनशे वर्षं लुबाडलं त्यांची इमारत त्यांनी पाडली नाही, पुजलीही नाही. वर्ग करून टाकला. त्या शिक्षिकेचा मला हेवा वाटला, हे सांगायला हरकत नाही.

असो. नातेवाइकांच्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर. आता तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल तर कानमंत्र देते: पावसाळा तिकडे नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा छत्री घ्या किंवा जून ते सप्टेंबरमध्ये जा. चालायचे बूट घ्या. पाणी उकळलेलं किंवा बाटलीतलं. टॅक्सीच्या नादी लागू नका, बस आणि लोकल पुष्कळ आहेत. आणि एखादा दिवस नुसता कोतासाठी ठेवा.

पण त्याआधी एक काम करा. आमच्या गावी या. सावंतवाडीहून एस.टी. आहे, कुडाळहून आहे. स्टँडवर उतरून डच वखार कुठे म्हणून विचारा. मुलांना, नातवंडांना बरोबर आणा आणि त्यांना भिंतीच्या जाडीवर हात ठेवायला लावा. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी इथे भाताची पोती उतरवली असतील, ती कुठे गेली, कोणी खाल्ली, आणि त्यांच्या हातावर किती पैसे ठेवले, हे त्यांना विचारू द्या. उत्तरं आपल्याला सगळी देता येणार नाहीत. पण तो प्रश्न कोणी लिहून ठेवलेला नाही, तेव्हा निदान तो तरी आपल्या बाजूच्या वहीत नोंदला जाऊ दे.